फिजिओ म्हणून नको, चहा द्यायला जा

तू विचारलंयस की नवऱ्याबरोबर डिपेंडंट व्हिसावर इंग्लंडात लेस्टरला येतेयस, फिजिओ आहेस, एचसीपीसीचं रजिस्ट्रेशन (इथे फिजिओ म्हणून काम करायला लागणारी नोंदणी) होईपर्यंत नुसतं घरी बसवणार नाही, तर एखाद्या चर्चतर्फे आरोग्याचं व्हॉलंटिअरिंग करता येईल का, आणि आपण हिंदू असल्याने काही अडचण येते का. मी मिरजेची, इथे नऊ वर्षं झाली, त्यातली सहा वर्षं घराजवळच्या चर्चच्या लंच क्लबला जातेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हिसाचं टेन्शन घेऊ नकोस, स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटला नोकरीच करता येते तर हे काय. भाऊ मात्र स्टुडंट व्हिसावर येणार म्हणालीस ना, त्याने जपून, कारण तिथे साधं व्हॉलंटिअरिंग वेगळं आणि ठरलेल्या तासांचं बिनपगारी काम वेगळं धरतात, आणि ते दुसरं विद्यार्थ्याला कामासाठी मिळणाऱ्या आठवड्याच्या २० तासांत मोजलं जातं. त्याने युनिव्हर्सिटीत विचारूनच घ्यावं.

धर्माचं म्हणशील तर आमच्या घरातली निम्मी बाळंतपणं मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालेली, मिशनरी डॉ. वॉन्लेसनी १८९४ ला सुरू केलेल्या, त्यामुळे आईला काहीच वाटलं नाही, सासूबाईंना मात्र काळजी होती. जेवणाआधी दोन ओळींची प्रार्थना होते, मी हात जोडून उभी राहते, आजवर मला कुणी काही विचारलेलं नाही. पण सगळी चर्च सारखी नसतात, काही ठिकाणी ठरावीक कामांना ख्रिस्ती माणूसच हवा असतो, तर पहिल्याच भेटीत सरळ विचारायचं, कुणाला राग येत नाही.

आता खरं सांगायचंय ते हे. फिजिओ म्हणून जाऊ नकोस. मी इथे येण्याआधी सांगलीत सात वर्षं फिजिओ होते, आणि दुसऱ्याच आठवड्यात एका आजोबांचा गुडघा बघून त्यांना दोन व्यायाम सांगितले. कोऑर्डिनेटर बाईंनी बाजूला घेऊन समजावलं, की रजिस्ट्रेशनशिवाय इथे स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेणंसुद्धा कायद्यात बसत नाही, आणि काही झालं तर चर्चचा इन्शुरन्स ते कव्हर करणार नाही. मला फार लागलं ते तेव्हा, घरी येऊन रडले. पण त्या आजोबांना गुडघ्यापेक्षा आठवड्यातून एकदा कुणीतरी समोर बसून ऐकणारं हवं होतं हे कळायला मला पुढचे चारपाच महिने लागले, बायको गेल्यापासून ते दिवसदिवस कुणाशी बोलत नव्हते. इथे जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, लिंक वर्कर असतात, गोळ्यांनी न सुटणाऱ्या दुखण्यांना ते असे गट सुचवतात, सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणतात त्याला, आमच्याकडे कितीतरी जण तसेच आलेत. तिथे आपलं काम म्हणजे चहा, बिस्किटं, खुर्च्या लावणं, नावं लक्षात ठेवणं आणि मागच्या आठवड्याला कोण आलं नाही ते बघून कोऑर्डिनेटरच्या कानावर घालणं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

फूड बँकही बघ, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देतात ती, पुष्कळशा चर्चच्याच हॉलमध्ये भरतात. साधारण तीन दिवसांचं कोरडं आणि डब्यातलं सामान देतात, आणि ज्यांच्याकडे शेगडीच नाही त्यांच्यासाठी नुसत्या गरम पाण्यावर होईल असं वेगळं पॅक करतात, ज्याला केटल पॅक म्हणतात. पहिल्यांदा ते भरताना माझा हात थांबला होता. आपल्या भाषा तिथे फार उपयोगी पडतात, गुजराती, हिंदी बोलणाऱ्या बायका लाजून गप्प उभ्या असतात, तू हिंदीत नुसतं 'बैठिए ना' म्हणालीस तरी मोकळ्या होतात.

कागदांचं: डीबीएस चेक, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, होईल, व्हॉलंटिअरला त्याची फी नसते. इथे नवीन असल्याने काही जण भारतातलं पोलीस क्लिअरन्सही मागतात, ते निघायच्या आधीच पासपोर्ट सेवा केंद्रातून काढून आण, इथून मागवणं वैतागाचं आहे. दोन रेफरन्स लागतात आणि नातेवाईक चालत नाहीत, तर तुझ्या हॉस्पिटलच्या एचओडींना आत्ताच विचारून ठेव आणि त्यांचा ऑफिसचा ईमेल घे, जीमेल नको. सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलं आणि असहाय माणसं सुरक्षित कशी ठेवायची त्याचं, ट्रेनिंग ते स्वतः देतात.

जुलैअखेरीस पोचतेयस म्हणजे ऑगस्टमध्ये बरेच गट सुट्टीवर असतील, घाबरू नकोस, ईमेल टाकून ठेव आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन भेट.