पैसा मे महिन्यात काम करतो

प्रश्न असा आहे: अमेरिकेत निवडणूक पैशावर जिंकता येते का, आणि तिथले दोन पक्ष एकमेकांचं तोंड बघेनासे झालेत ते या पैशामुळेच का? आत्तापर्यंतची उत्तरं एकतर "सगळं विकलं गेलंय" अशी आहेत, नाहीतर "तिथे सगळं कसं कायदेशीर" अशी. मी ओहायोत कोलंबसजवळ सव्वीस वर्षं राहतोय, त्यातली चौदा वर्षं मतदार म्हणून. माझं मत वेगळं आहे. सगळे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीकडे बघतात, पण पैसा खरं काम करतो ते प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, आमच्याकडे बहुतेकदा मे महिन्यात. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

नोव्हेंबरच्या किंवा गाजावाजा झालेल्या लढतीत नुसता पैसा ओतून भागत नाही. अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी स्वतःच्या खिशातले शंभर कोटी डॉलरच्या आसपास घातले आणि जिंकलं काय, तर अमेरिकन सामोआ, प्रशांत महासागरातली चिमुकली बेटं. २०१६ मध्ये त्याच उमेदवारीसाठी जेब बुश यांच्या पाठीशी दहा कोटींहून मोठी थैली होती, साउथ कॅरोलिनाच्या प्रायमरीनंतर ते घरी गेले. कमला हॅरिस यांनी २०२४ मध्ये तीन महिन्यांच्या आत शंभर कोटी जमवले आणि हरल्या. एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी मस्क आणि त्यांच्या संस्थांनी दोन कोटींवर डॉलर खर्च केले. त्यांचा उमेदवार दहा टक्क्यांनी पडला.

आता आपल्यातलंच उदाहरण घ्या. श्री ठाणेदार, चिकोडीचा जन्म, बेळगावात वाढलेले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत त्यांनी स्वतःचे एक कोटीहून जास्त डॉलर घातले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, उभे राहिले, तेव्हाही पैसा स्वतःचाच. प्रायमरीत नऊ उमेदवार होते. समोरच्या एका उमेदवारासाठी बाहेरच्या गटांनी लाखो डॉलर ओतले होते. तरी ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. तो मतदारसंघ इतका पक्का डेमोक्रॅटिक की नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे औपचारिकता. पैसा दोन्ही वेळा होता, पण दुसऱ्या वेळी मैदान लहान होतं आणि मतं फुटलेली होती. माझं सगळं म्हणणं या फरकात आहे.

कायद्याचं थोडक्यात, कारण याच प्रश्नाच्या उत्तरात एकाने "कंपन्या उमेदवारांना हवे तेवढे पैसे देतात" असं लिहिलंय, ते चूक आहे. केंद्रातल्या निवडणुकांत कंपनीने उमेदवाराला थेट देणगी देणं १९०७ पासून बंद आहे. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की देणगीवर मर्यादा घाला, पण खर्चावर घालता येणार नाही, कारण प्रचारावरचा खर्च म्हणजे अभिव्यक्ती. २०१० मध्ये 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी हाच न्याय कंपन्यांना आणि कामगार संघटनांना लागू झाला. त्याच वर्षी सुपर पॅक जन्मले, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारावर खर्च करणारे गट. म्हणजे मी उमेदवाराला २०२५-२६ मध्ये एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलरच देऊ शकतो, पण त्याच्यासाठी जाहिराती करणाऱ्या सुपर पॅकला कोणीही हवे तेवढे देतो. मुख्य अट अशी, सुपर पॅकने उमेदवाराशी संगनमत करायचं नाही.

ही अट कशी पाळतात ते बघण्यासारखं आहे. अनेक उमेदवारांच्या वेबसाइटवर एक लाल चौकट असते. सामान्य मतदार तिथे फिरकत नाही. त्यात लिहिलेलं असतं की अमुक भागातल्या अमुक वयाच्या मतदारांनी ही गोष्ट 'बघायला' हवी. 'बघायला' म्हणजे टीव्ही, 'ऐकायला' म्हणजे रेडिओ. चार दिवसांनी सुपर पॅकची तशीच जाहिरात झळकते. लेकी बोले सुने लागे, आणि सगळं कायद्यात बसतं.

आता मे महिन्याकडे येऊ. इथे मतदारसंघांच्या सीमा बहुतेक राज्यांत विधिमंडळच आखतं, म्हणजे ज्याची सत्ता त्याच्या हातात पेन्सिल. २०१२ ते २०२२ आमच्या राज्यात एक मतदारसंघ होता, लोक त्याला 'तळ्यावरचा साप' म्हणायचे. टोलेडोपासून क्लीव्हलँडपर्यंत लेक एरीच्या काठाकाठाने गेलेली एक पट्टी. जास्तीत जास्त डेमोक्रॅट मतदार या एका सापाच्या पोटात कोंबायचे, म्हणजे आजूबाजूच्या जागा रिपब्लिकनांना निर्धोक. त्यात दोन विद्यमान डेमोक्रॅट खासदारांना एकमेकांशी प्रायमरी लढावी लागली, हा वर बोनस. जिथे डेमोक्रॅटांची सत्ता आहे, त्या इलिनॉयमध्ये याच कलेचे उलटे नमुने बघायला मिळतात.

शिवाय लोकही आपल्यासारख्याच मतांच्या गावात घर घेतात. त्यामुळे काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहातल्या ४३५ पैकी खऱ्या चुरशीच्या जागा दहात एकही भरत नाहीत. बाकीच्यांचा निकाल प्रायमरीत लागतो, आणि राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नसेल त्या वर्षी प्रायमरीला मतदान करतात साधारण पाचात एक. ओहायोत केंद्रावर गेलं की टेबलामागच्या आजीबाई विचारतात, "कुठल्या पक्षाची मतपत्रिका देऊ?" पहिल्या वेळी मी गोंधळलो होतो, मत गुप्त असतं ना! मत गुप्तच असतं, पण कुठल्या पक्षाची पत्रिका मागितली याची नोंद राहते. अशा दिवशी केंद्रावर शुकशुकाट असतो. येतात ते कट्टर, नाहीतर माझ्यासारखे रिकामटेकडे.

या शुकशुकाटात पैशाने काय होतं त्याचा नमुना आमच्याच राज्यात घडला. लॅरी हाउसहोल्डर नावाचे रिपब्लिकन आमदार होते. त्यांना ओहायोच्या प्रतिनिधिगृहाचं सभापतिपद हवं होतं. फर्स्टएनर्जी या वीज कंपनीला आणि तिच्या उपकंपनीला तोट्यातल्या दोन अणुवीज केंद्रांसाठी सरकारी मदत हवी होती. 'जनरेशन नाऊ' नावाची एक संस्था निघाली, कागदोपत्री समाजकल्याणासाठी. अशा संस्थेला देणगीदारांची नावं जाहीर करावी लागत नाहीत. तिच्यात कंपनीच्या बाजूने सुमारे सहा कोटी डॉलर आले. त्यातून २०१८ च्या मेमधल्या प्रायमऱ्यांत हाउसहोल्डर यांच्या मर्जीतल्या उमेदवारांना रसद गेली. राज्याच्या आमदारकीच्या प्रायमरीत काही लाख डॉलरच्या जाहिराती म्हणजे वामनाचं तिसरं पाऊल, समोरचा सपाट. हे लोक निवडून आले आणि जानेवारी २०१९ मध्ये हाउसहोल्डर सभापती झाले. गंमत म्हणजे मिळालेल्या ५२ मतांपैकी निम्मी डेमोक्रॅटांची होती.

त्याच वर्षी जुलैमध्ये कायदा झाला, ग्राहकांच्या बिलातून वसूल करायच्या १.३ अब्ज डॉलरचा. लोकांनी सार्वमतासाठी सह्या गोळा करायला सुरुवात केली, तर टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या की चीन आपली वीजव्यवस्था ताब्यात घेतोय, सही करू नका. तसलंच एक चकचकीत पत्रक आमच्या पेटीतही पडलं होतं. ते मी फेकून दिलं, ठेवायला हवं होतं. जुलै २०२० मध्ये एफबीआयने हाउसहोल्डरना अटक केली, २०२३ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. कंपनीने खटला टाळण्याच्या करारात २३ कोटी डॉलर दंड भरला. अणुवीज केंद्रांची मदत रद्द झाली, पण त्याच कायद्यात घुसवलेला दोन जुन्या कोळसा प्रकल्पांचा भार ओहायोच्या ग्राहकांवर पुढे काही वर्षं राहिला. त्यातला एक प्रकल्प तर शेजारच्या इंडियानात आहे.

हाउसहोल्डर तुरुंगात गेले कारण देवघेव उघड सिद्ध झाली. सौदा न बोलता असाच खेळ केला तर तो कायदेशीर आहे. २०२४ ची सिनेटची लढत बघा. ओहायोचे डेमोक्रॅट सिनेटर शेरॉड ब्राउन तेव्हा सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष, क्रिप्टोवाल्यांना, म्हणजे आभासी चलनाच्या कंपन्यांना, नकोसे. क्रिप्टो कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या सुपर पॅकने त्यांच्या विरोधकासाठी, बर्नी मोरेनोंसाठी, सुमारे चार कोटी डॉलर खर्च केले. त्या जाहिरातींत क्रिप्टोचं नावही नव्हतं. ब्राउन साडेतीन टक्क्यांच्या आसपास फरकाने हरले. हा पैसा फक्त ब्राउनसाठी नव्हता. बाकीच्या सिनेटरांनीही तो बघितला. पुढच्या जुलैत क्रिप्टोचा एक मोठा कायदा दोन्ही पक्षांच्या मतांनी झाला.

त्याआधीची प्रायमरी आणखी मजेशीर. डेमोक्रॅटांच्याच गोटातल्या एका सुपर पॅकने मार्चमध्ये "मोरेनो ओहायोसाठी फारच कर्मठ आहेत" अशी जाहिरात लावली. वाचताना टीका वाटते, पण रिपब्लिकन प्रायमरीच्या मतदाराला ती शिफारस होती, आणि हेतूही तोच होता. कट्टर माणूस समोर आला की नोव्हेंबरमध्ये पाडणं सोपं, असा हिशोब. तो माणूस आज सिनेटमध्ये आहे.

कट्टरपणा पैशाने आणला का, याचं माझं उत्तर नाही. १९५० मध्ये अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांच्या समितीची तक्रार अशी होती की दोन पक्षांत पुरेसा फरकच नाही, मतदाराने निवडायचं काय! तेव्हा दोन्ही पक्षांत उदारमतवादी आणि सनातनी दोघेही होते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन होत गेले आणि पक्ष आतून एकरंगी झाले. १९८६ मध्ये न्यायमूर्ती स्कॅलिया सिनेटच्या ९८ विरुद्ध ० मतांनी सर्वोच्च न्यायालयावर गेले, २०२० मध्ये न्यायमूर्ती बॅरेट ५२ विरुद्ध ४८. मुलामुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल असं १९६० मध्ये पाचेक टक्के लोक सांगत. २०१० मध्ये रिपब्लिकनांत जवळपास निम्मे, डेमोक्रॅटांत एक तृतीयांश. आपल्याला हा प्रश्न कुठल्या बाबतीत विचारतात ते वेगळं सांगायला नको.

पैशाने मात्र कट्टरपणाला पगार सुरू केला, आणि इथे फक्त अब्जाधीशांना बोल लावता येणार नाही. ओबामांच्या भाषणात २००९ मध्ये "खोटं बोलताय!" असं ओरडलेल्या खासदाराकडे काही दिवसांत दहा लाखांवर डॉलर जमले. रिपब्लिकन खासदार मार्जोरी टेलर ग्रीन यांना २०२१ मध्ये समित्यांवरून काढलं, त्या तिमाहीत त्यांच्याकडे ३२ लाख आले, बरेचसे छोट्या देणग्यांतून. समितीत गपगुमान काम करणाऱ्याला असं कोण देतं? मी २०१२ मध्ये एकदा २५ डॉलर दिले होते. त्याची ईमेल अजून येतात, रोज आजच रात्री बारा वाजता लोकशाही संपणार असते.

बाकी राहिली पारदर्शकता. २०० डॉलरच्या वर देणगी दिली की नाव, गाव, नोकरी सरकारी संकेतस्थळावर कुणालाही दिसतं. माझ्या शेजाऱ्याने माझी अशी एक देणगी शोधून काढली होती आणि गवत कापता कापता त्यावरून टोमणा मारला होता. कोट्यवधी डॉलर देणाऱ्याला मात्र 'जनरेशन नाऊ'सारखी वाट मोकळी असते. भारतात निवडणूक रोखे फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने रद्द केले, ते याच गुप्ततेमुळे. इथे न्यायालयाने असं काही केलेलं नाही.

आणि आपल्याला देणगी किंवा मत देता येतं का, असं खाली ज्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी: एच-वनवर असाल तर देणगी अजिबात देऊ नका, गुन्हा आहे. ग्रीन कार्ड असेल तर देता येते. मत दोघांनाही नाही.