लंडनला नक्की कोणाला जायचं आहे?

पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी अर्थशास्त्र घेऊन टीवायबीएला, आतापर्यंत 61 टक्के. तिला 'समाजकार्याची आवड' म्हणून इंग्लंडला इंटरनॅशनल डेव्हलपमेंटच्या मास्टर्सला पाठवायचं त्यांनी ठरवलंय. अभ्यासक्रमात कम्युनिटी इंटर्नशिप आहे आणि पुढे यूएनमध्ये नोकरी लागते, असं एजंट म्हणतो. खर्च 40 लाख. वडिलांची निवृत्ती दोन वर्षांवर, फ्लॅट तारण ठेवायची तयारी, महिनाअखेर डिपॉझिट भरायचंय. निर्णय योग्य आहे ना, एवढंच विचारलंय.

नमस्कार.

फी, व्हिसा, पगार, सोसायटीतली कोणाची मुलं कुठल्या देशात आहेत, सगळं तुम्ही नीट लिहिलंय. मुलीचं म्हणणं मात्र एकाच वाक्यात आलंय, तेही तक्रार म्हणून: 'एनएसएसचं शिबिर झाल्यापासून दर शनिवारी स्कूटर घेऊन वेल्ह्याला जाते, पाण्याचा सर्व्हे की काय करते, आणि म्हणते अजून वर्षभर मला हेच करायचंय.' मी थांबले ती या वाक्यापाशी. तिला काय करायचंय ते तिने सांगितलंय की. ऐकायचं राहिलंय ते तुमच्याकडून.

पुढे तुम्ही लिहिता, 'इथे एमएसडब्ल्यू केलं तर नातेवाइकांना काय सांगणार?' हे वाचून राग आला, खोटं कशाला बोलू. मुलीची आवड तुम्हाला मान्य आहे, पण ती विमानात बसून आली तर. तुम्ही वाईट वडील आहात असं मी म्हणत नाही. घर तारण ठेवणारा माणूस मुलीवर प्रेमच करत असतो. पण त्या तारणाचं ओझं कोणावर पडणार आहे, याचा हिशेब करा. 40 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, 10 वर्षं मुदत धरली तर हप्ता जातो महिना सुमारे 53 हजारांवर. आपल्याकडे सामाजिक संस्थांमधला सुरुवातीचा पगार बहुतेक ठिकाणी याच्या खालीच असतो. म्हणजे परत आल्यावर वडिलांचं घर सोडवायला ती मिळेल ती कॉर्पोरेट नोकरी धरणार. ज्या कामासाठी पाठवताय, तेच काम या कर्जाने तिला परवडेनासं होईल. आणि ती हे तुम्हाला कधी बोलून दाखवणार नाही, कारण तुम्ही निवृत्त झालेले असाल.

आता यूएनबद्दल, कारण हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. डेव्हलपमेंटची पदवी घेतली की यूएनचं दार उघडतं असं मानणारे पालक मला सतत भेटतात. तिथल्या कायम नोकऱ्यांच्या खालच्या पायरीलाही साधारणपणे मास्टर्ससोबत दोन वर्षांचा अनुभव मागतात. अनुभव नसलेल्यांसाठी यंग प्रोफेशनल्सची परीक्षा आहे, पण ती दरवर्षी ठरावीक देशांच्या नागरिकांनाच देता येते आणि वयाची अट 32. ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसरच्या बहुतेक जागांचा खर्च श्रीमंत देश उचलतात आणि त्या मुख्यतः स्वतःच्याच नागरिकांना देतात. यूएनच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. न्यूयॉर्क नाहीतर जिनिव्हात स्वतःच्या खिशातून राहायचं. त्यात काळ वाईट. अमेरिकेची परदेशांना मदत देणारी यूएसएड ही संस्था 1 जुलै 2025 पासून बंद झाली. ब्रिटन विकासमदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यावरून 2027 पर्यंत 0.3 वर आणतंय. पंधरा-वीस वर्षं अनुभव असलेले लोक आज या क्षेत्रात नोकऱ्या शोधताहेत, त्यांच्या रांगेत तुमची मुलगी कोऱ्या बायोडाटानिशी उभी राहणार. शिक्षणानंतर इंग्लंडमध्ये राहायला मिळणारी दोन वर्षंही 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच मिळणार आहेत. यूएनच्या भारतातल्या कार्यालयांत स्थानिक माणसं घेतात, युनिसेफचं महाराष्ट्राचं कार्यालय तर मुंबईतच आहे. तिथे जिल्ह्यात काम केलेल्या, मराठी येणाऱ्या माणसाला किंमत असते.

कम्युनिटी इंटर्नशिपचंही बघा. काही विद्यापीठांत ती खरोखर चांगली असते, पण इंग्लंडचं मास्टर्स एका वर्षाचं: दोन सत्रं वर्ग, मग उन्हाळ्यात प्रबंध. त्यात गावात राहायला वेळ तो किती? केनियातल्या एखाद्या खेड्यात सहा आठवडे पाठवली, तर स्वाहिली येत नसलेली मुलगी ऑफिसात बसून एक्सेल भरेल. वेल्ह्यात ती हंडा घेऊन निघालेल्या बाईशी सरळ बोलू शकते. तुमच्या नळाला येणारं पाणी वेल्हे तालुक्यातल्या पानशेत-वरसगाव धरणांचं, आणि त्याच तालुक्यातल्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. विकासाच्या अभ्यासाला यापेक्षा मोठा प्रश्न लंडन कुठून आणून देणार? अमेरिकन कॉलेजांची मुलं याच अनुभवासाठी डॉलर मोजून भारतात सेमिस्टर करायला येतात, आणि आपण निघालोय उलट्या दिशेने!

परदेशी शिक्षणाला माझा विरोध नाही. इंग्लंडमधल्या ससेक्सची इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज (आयडीएस) ही 1966 सालची संस्था या विषयात जगात नावाजलेली आहे. गावकऱ्यांनीच जमिनीवर आपल्या गावाचा नकाशा काढायचा ही पीआरएची, म्हणजे लोकसहभागातून गाव समजून घेण्याची पद्धत तिथल्या रॉबर्ट चेंबर्स यांनी जगभर पोचवली, आणि ती घडली ती बरीचशी भारतातल्या संस्थांच्या कामातून. दोन वर्षं शिवारफेऱ्या करून तिथे गेलेली विद्यार्थिनी प्राध्यापकांशी वाद घालेल. आत्ता गेली तर नोट्स काढेल.

शिवाय दोन वर्षांनंतर तिथे फुकटही जाता येतं. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती फी आणि राहणं दोन्ही देते, अट किमान दोन वर्षांच्या कामाची. शिकून झाल्यावर दोन वर्षं भारतात राहावं लागतं, जे तिला हवंच असावं. तोवर पुण्यातच वारज्याला ग्रामविकासाचं काम करणारी बायफ आहे, पाणलोटाचं काम करणारी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट आहे, एसबीआयची 13 महिन्यांची यूथ फॉर इंडिया फेलोशिप आहे. शिकायचंच असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचं (टिस) तुळजापूर केंद्र, बंगळूरुचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, पुण्यातली कर्वे समाजसेवा संस्था. टिसला सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, अझीम प्रेमजीची स्वतःची परीक्षा. 61 टक्क्यांनी यातलं फारसं काही अडत नाही.

एजंटचा सल्ला फुकट असतो, कारण प्रवेश झाला की विद्यापीठ त्याला कमिशन देतं. ते डिपॉझिट भरू नका, 'सीट जाईल' म्हणाला तरी.

आणि पुढचं पत्र मुलीला लिहू द्या, तुम्ही न वाचता. वेल्ह्याच्या सर्व्हेबद्दल एक पान, आणि ते करताना आपल्याला काय येत नाही असं तिला जाणवलं त्याची यादी. नकाशे, आकडेवारी, पाण्याचे कायदे, जे असेल ते. त्या यादीत इथे न शिकता येण्यासारखं काही निघालं, तर चेव्हनिंगच्या अर्जाला मी स्वतः तिच्याबरोबर बसेन.