तुमचे प्रश्न : बारा टोपल्या आणि एक बावखल

प्रश्न : येत्या मे महिन्यात माझ्या मुलाचा प्रथम ख्रिस्तप्रसाद (फर्स्ट कम्युनियन) आहे, म्हणजे चर्चमध्ये तो पवित्र भाकर पहिल्यांदा घेणार आहे. सासरच्यांना हॉल घेऊन चारशे माणसं बोलवायची आहेत. आम्हा दोघांना घरच्या साठ-सत्तर माणसांत साधेपणाने करायचंय. सासूबाई म्हणतात, “दोघांच्या नोकऱ्या आणि हात आखडता, असं लोक म्हणतील.” साधं राहणं हा माझ्या श्रद्धेचाच भाग आहे असं मला मनापासून वाटतं, पण ते घरात पटवून देता येत नाही. काय सांगू?
– एक आई, नालासोपारा

उत्तर : ताई, आधी सासूबाईंची बाजू घेते. त्यांच्या पिढीने तांदूळ मोजून शिजवलाय. दारी आलेला माणूस पोटभर जेवून जावा, ही त्यांची इच्छा खरी आहे आणि ती चांगलीच आहे. आमच्या लहानपणी वसईच्या वाड्यांत लग्नाला अख्खी आळी जेवायची. पण पानं घरच्या केळीची, स्वयंपाकाला शेजारणी, आणि उष्टी पानं गुरांपुढे. शेवटची पंगत उठली की अंगणात फक्त चुलीची राख उरायची. म्हणून माणसांच्या आकड्यावरून भांडू नका. केळीच्या पानावर चारशे जेवले तरी ते साधं, आणि थर्माकोलच्या ताटात साठ जेवले तरी ती उधळपट्टीच.

तीन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका मुलीच्या कम्युनियनला गेले होते. छत्री राहिली म्हणून हॉलवर परत आले, तर मागच्या दाराशी निळी पिंपं मांडलेली. त्यांत पातेलीच्या पातेली भात ओतला जात होता, इंद्याल, म्हणजे आमच्याकडचं मसालेदार मांसाचं कालवण, ओतलं जात होतं. दोन घोट पिऊन टाकलेल्या छोट्या बाटल्यांचा ढीग माझ्या कमरेइतका. वाढपी पोरांतल्या एकाने, असेल पंधरा-सोळा वर्षांचा, थोडं मटण पिशवीत भरलं होतं. त्याच्या मुकादमाने ते काढायला लावलं आणि पिंपात ओतलं. मी तिथे उभी होते आणि एक शब्दही बोलले नाही. ते मला अजून टोचतं.

घरी येऊन बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढला. पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट शाळेत मुलांना कितीदा सांगितली असेन, पण मी नेहमी चमत्कारापाशी थांबायचे. पुढचं वाक्य त्या रात्री नीट वाचलं. सगळे तृप्त झाल्यावर येशू शिष्यांना म्हणतो, उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका. बारा टोपल्या भरल्या. जो पाच भाकरींतून हजारोंना जेवू घालतो, त्याला उद्यासाठी तुकड्यांची काय गरज? तरी त्याने ते उचलायला लावले. आणि ‘मी जीवनाची भाकर आहे’ हे तो याच अध्यायात पुढे सांगतो. म्हणजे तुमचा मुलगा जो ख्रिस्तप्रसाद घेणार आहे, त्याच्या शेजारीच ही आज्ञा लिहिलेली आहे.

त्या दिवशी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मुलाला एक गोष्ट मुद्दाम दाखवा. ख्रिस्तप्रसाद वाटून झाला की फादर ताटलीवरचे कण बोटाने प्याल्यात झाडतात, त्यात पाणी घालतात आणि पितात. एक कण खाली पडू देत नाहीत. ते पाहिलेलं लेकरू तासाभराने त्या निळ्या पिंपांशी जाऊन उभं राहिलं, तर त्याने कशावर विश्वास ठेवायचा? सासूबाईंना हेच विचारा, पण वाद म्हणून नको, शेजारी बसून विचारा. त्यांनाही ते आवडणार नाही, याची मला खात्री आहे.

मग इंद्याल त्यांच्या हातचं होऊ द्या. पाणी माठातलं, पेले स्टीलचे. मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतात. उरलेलं कुठे जाणार, ते आदल्या दिवशीच ठरवा. कोणत्या वस्तीत, कोण नेणार, किती वाजता, सगळं. मे महिन्यात अन्न लगेच आंबतं, रात्री फोनाफोनी करून काही होत नाही. पहिला डबा मुलाच्या हातून जाऊ दे. आणि एका दिवसासाठी नवा पांढरा सूट शिवू नका. चुलतभावाचा कपाटात पडून असेलच.

प्रश्न : हल्ली प्रवचनात झाडं, प्लास्टिक, पाणी हेच विषय असतात. प्रार्थना आणि पापक्षमा सोडून चर्चने हे कशाला धरलंय? मला ही नवी फॅशन वाटते.
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : नवी नाही हो. ‘जमीन माझी आहे, तुम्ही तिच्यावर पाहुणे आहात’ असं देव बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात बजावतो. सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणून देवाची स्तुती गाणारे असिसीचे संत फ्रान्सिस आठशे वर्षांपूर्वीचे. त्यांना 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढलं, त्याचं नावही संत फ्रान्सिस यांच्या त्याच स्तुतिगीतातलं. परिपत्रक म्हटलं की आपल्याला अवघड वाटतं, पण त्यात लागेल तेवढंच शिजवा, नको तो दिवा विझवा, झाड लावा, इतकं घरगुती लिहिलंय. जेवणाआधी आणि जेवणानंतर प्रार्थना करायची आपली मोडलेली सवय पुन्हा धरा, असंही आहे. तुम्ही म्हणता ती प्रार्थना तिथेच सापडेल.

आणि आपल्या वसईत तर हे त्याच्याही कितीतरी आधीपासून चाललंय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाडं आणि पाणी वाचवण्याच्या ‘हरित वसई’च्या चळवळीत लोकांबरोबर रस्त्यावर उतरले, तेव्हा तुमच्यासारखाच प्रश्न लोक विचारायचे, की फादरांनी वेदी सोडून विहिरींच्या भानगडीत का पडावं. धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राने त्यांना 2020 मध्ये ऐकलं. आम्ही मात्र त्यांना आधीपासून झाडांसाठी आणि पाण्यासाठी भांडणारे म्हणून ओळखत होतो.

प्रश्न : आमच्या वाडीत आजोबांच्या काळचं बावखल आहे. आता त्यात कचरा पडतो, डास होतात. भाऊ म्हणतो, बुजवून वर चार गाळे काढू, भाडं येईल. मी एकटाच नको म्हणतोय. मी अडून बसलोय का?
– एक वाचक, वसई (पश्चिम)

उत्तर : दादा, अडूनच बसा.

ज्यांनी बावखल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या पूर्वजांनी वाडीत खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं म्हणजे बावखल. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना पोहोचतं. आपण समुद्राच्या अगदी काठावर. जमिनीत गोड्या पाण्याचा दाब असतो तोवर खारं पाणी बाहेर थोपलेलं राहतं. वरून मुरणं बंद झालं आणि खालून उपसा चालू राहिला, की ते आत सरकतं.

आमचं बावखल काकांनी बुजवलं. मी तेव्हा तिशीत होते, मला कोणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. त्याआधी आमच्याकडे रहाट होता. पहाटे बैल फिरायला लागला की गाडगी एकामागून एक ओतायची, आणि ते पाणी पाटाने पानवेलीपर्यंत जाताना मी अंथरुणातून ऐकायचे. रहाटाला मर्यादा होती. बैल दमला की उपसा थांबायचा, तेवढ्यात विहीर पुन्हा भरायची. पंप दमत नाही. बावखल गेल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात आईने चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. चहा खारट लागत होता. पुढे पानवेल पिवळी पडली, मग गेली. आज मी त्याच विहिरीच्या काठावर राहते आणि प्यायला वीस लिटरची बाटली विकत घेते.

भावाशी भाड्याचा हिशेब जरूर करा, पण त्यात टँकरचे पैसेही धरा. डासांसाठी गप्पी मासे सोडा. कचऱ्यासाठी कडेने कुंपण घाला. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं, तेव्हा गाळ काढा. तो गाळ केळीच्या बुंध्याला घाला, खत विकत आणावं लागणार नाही. आणि भावाला सोबत घेऊन एकदा त्या तळाशी उतरा. लहानपणी दोघं तिथेच पोहायला शिकला असाल.

गाळ काढायचा दिवस ठरला की मला कळवा. या वयात घमेलं उचलवत नाही, पण काम करणाऱ्यांसाठी दुपारची पेज आणि सुकट मी घेऊन येईन.