२०१२ च्या लँडसॅट ७ प्रतिमेतले काळे पट्टे 'फिल नोडेटा'ने भरले तर चालतील का?

यावल-रावेरकडचं २०१२ सालचं केळीखालचं क्षेत्र तुम्हाला काढायचंय आणि लँडसॅट ७ या अमेरिकी उपग्रहाच्या प्रतिमेवरचे तिरके काळे पट्टे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या 'फिल नोडेटा'ने (रिकामी जागा आजूबाजूच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरणारं साधन) भरावेत का, असं विचारलंय. क्षेत्र मोजायचं असेल तर अजिबात भरू नका.

डाउनलोड बिघडलेलं नाही. उपग्रहाचा आरसा आडवा झुलत जमीन टिपतो आणि तेवढ्यात उपग्रह पुढे सरकलेला असतो. ही तफावत भरून काढणारा स्कॅन लाइन करेक्टर ३१ मे २००३ ला बंद पडला. तेव्हापासून काही जमीन दोनदा टिपली जायची, काही सुटायची. प्रत्येक प्रतिमेचा साधारण २२ टक्के भाग हरवतो. मधोमध सगळं शाबूत असतं, पण कडेला फट चारशे मीटरच्या घरात जाते. त्यात तुमचं साल अडचणीचं: लँडसॅट ५ चं नेहमीचं चित्रण नोव्हेंबर २०११ मध्ये थांबलं आणि लँडसॅट ८ अवकाशात गेला फेब्रुवारी २०१३ मध्ये.

आता हे शेतावर आणून बघा. एक पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे एकरात जेमतेम साडेचार पिक्सेल. चारशे मीटर लांब-रुंद तुकडा म्हणजे चाळीस एकर! फटीच्या अलीकडे केळी, पलीकडे नांगरून टाकलेलं रान असेल, तर 'फिल नोडेटा' त्या फटीत हिरव्याचा हळूहळू फिका होत जाणारा उतार काढतं. आपल्याकडे केळी बांधावर संपते, अशी विरत जात नाही.

जमिनीची खरी नोंद दुसऱ्या तारखेच्या प्रतिमेतूनच घ्या. हा उपग्रह १६ दिवसांनी परत यायचा आणि पट्टे दर वेळी तंतोतंत त्याच जागी पडत नसत. दोन-तीन तारखा एकत्र केल्या की बरंचसं भरतं. मात्र तारखा एप्रिलमधल्या, फार तर मेच्या सुरुवातीच्या घ्या. तेव्हा आभाळ मोकळं असतं, कपाशीची रानं उघडी असतात, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग काय, त्यानंतर लावलेली कांदेबाग काय, दोन्ही हिरव्यागार उभ्या असतात. मी एकदा मेअखेरची प्रतिमा जोडली होती. मधल्या काळात वादळात बागा आडव्या झालेल्या, त्यामुळे माझ्या नकाशावर नुकसान बरोबर पट्ट्यापट्ट्यांनी आलं. दोन दिवस मी रोग शोधत बसलो होतो.

जोडण्याआधी दोन्ही तारखांना दिसणारे पिक्सेल घेऊन उजेडाचा फरक जुळवा, बँडनिहाय, म्हणजे लाल, हिरवा, अवरक्त अशा प्रत्येक प्रकाशाच्या थरासाठी वेगळा. सूर्याची उंची आणि धुरळा बदललेला असतो. तो तसाच राहिला तर शिवण उठून दिसते. शिवाय इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर रिसोर्ससॅट-२ या भारतीय उपग्रहाच्या लिस-३ कॅमेऱ्याचा डेटा शोधा. त्याचा पिक्सेल २३.५ मीटरचा आहे आणि त्यात हे पट्टे नाहीत. योग्य तारीख मिळाली तर भरण्याची गरजच उरणार नाही.

भरलेल्या पिक्सेलचा वेगळा मास्क (कुठे भरलंय ते दाखवणारा थर) जपून ठेवा आणि क्षेत्राचा आकडा दोनदा काढा, एकदा भरून, एकदा फक्त मूळ पिक्सेलवर. फरक मोठा आला तर भरलेल्या भागातले दहा-पंधरा गट नंबर काढून त्यांच्या सातबाऱ्यावर त्या सालची पीकपाहणी बघा. गाव नमुना बारामध्ये केळी लिहिलीय की कपाशी, ते तिथे कळेल.