शरीरात आपोआप विरघळणारं प्लास्टिक किती दिवसांनी विरघळेल हे आधीच कसं ठरवतात?

मी पॉलिमरमध्येच काम करतो, म्हणून ऑपरेशनमधल्या विरघळणाऱ्या टाके नि स्क्रूंच्या या प्रश्नाला उत्तर देतोय. नेहमीची मंडळी म्हणजे पीएलए (लॅक्टिक ॲसिडची साखळी), पीजीए (ग्लायकोलिक ॲसिडची साखळी) आणि दोघांचं मिळून पीएलजीए. यांच्या साखळीतल्या कड्या जोडणारे एस्टर बाँड शरीरातलं पाणी हळूहळू तोडतं आणि शेवटी लॅक्टिक नि ग्लायकोलिक ॲसिड उरतं, ते शरीर पचवून टाकतं. लॅक्टिकवाल्या भागाला एक मिथाइल ग्रुप जास्तीचा असतो, तो पाण्याला लांब ठेवतो, त्यामुळे लॅक्टिक वाढवलं की माल जास्त टिकतो. 50:50 (लॅक्टिक:ग्लायकोलिक) पीएलजीए साधारण एक-दोन महिन्यांत जातं, 85:15 ला पाच-सहा महिने लागतात, आणि क्रिस्टल धरणारं पीएलएलए (पीएलएचाच एक प्रकार) तर दोन वर्षांच्या वरही राहतं.

इथपर्यंत सोपं आहे, खरी डोकेदुखी पुढे. ताकद आधी जाते आणि वस्तू नंतर. विक्रिल हा टाक्यांचा धागा घ्या, तीन आठवड्यांत ताकद निम्म्यावर येते पण पूर्ण नाहीसा व्हायला 56 ते 70 दिवस लागतात, त्यामुळे 'किती दिवसांत विरघळतं' हा आकडा माझ्या मते दुय्यम, जखम भरेपर्यंत जोर टिकतो का ते आधी बघायचं. त्यात तुकडा जाड असला की आत तयार झालेलं ॲसिड बाहेर पडत नाही आणि तेच उरलेले बाँड आणखी भराभर तोडतं, असा स्क्रू मधोमध कापला तर वरची साल धडधाकट आणि आत नुसता लगदा. साल फुटली की ॲसिड एकदम बाहेर येतं, मग सूज वगैरे. साबणाच्या वडीसारखं वरून झिजणारं हवं असेल तर पॉलिअनहायड्राइड, ब्रेन ट्यूमरसाठीची औषधाची चकती, ग्लायडेल वेफर (1996 ची मंजुरी), त्याचीच, पण स्क्रूएवढी ताकद त्यात नाही.

बरं, पातळ करावं तर जोर कमी पडतो. ॲब्सॉर्ब या विरघळणाऱ्या स्टेंटच्या (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) काड्या धातूच्या स्टेंटपेक्षा जवळपास दुप्पट जाड, म्हणजे दीडशे मायक्रॉनच्या आसपास ठेवाव्या लागल्या, त्यात रक्ताच्या गुठळ्या जास्त दिसल्या आणि 2016 ला एफडीएची (अमेरिकेची औषध नियामक संस्था) मंजुरी मिळूनही 2017 मध्ये विक्री बंद झाली.

आणि स्टरलायझेशन, म्हणजे निर्जंतुक करणं, तर कोणी विचारतच नाही! ऑटोक्लेव्हची वाफ चालत नाही, गॅमा किरणांनी साखळ्या तुटतात, म्हणून बऱ्याचदा इथिलीन ऑक्साइड वायू वापरून ओलावा न शिरणाऱ्या फॉइलमध्ये सील करतात, कारण पाकीट उघडं राहिलं तर हवेतल्या दमटपणानेच विघटन चालू होतं.