गणपतीचे दहा दिवस, रोज दहा-बारा पाहुणे आणि दोघंही नोकरीला : कमी कष्टात खायला काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नानंतर पहिल्यांदाच गणपती तुमच्या नारायण पेठेतल्या फ्लॅटवर बसणार. दोघंही नोकरीला, सुट्टी फक्त चतुर्थीची आणि विसर्जनाची. सासरचे, माहेरचे, ऑफिसातले आणि 'देखावे बघायला आलोच होतो, म्हटलं दर्शन घेऊन जावं' म्हणणारे धरून रोज संध्याकाळी दहा-बारा माणसं होणार. तर पटकन होणारं काय करता येईल?

मी शेजारच्याच पेठेत राहतो. आमच्याकडेही दहा दिवसांचा गणपती असतो आणि संध्याकाळचं स्वयंपाकघर माझ्याकडे असतं. माझं स्पष्ट मत सांगतो, पटकन होणाऱ्या पदार्थांच्या नादी लागू नका. कांदेपोह्यांचंच घ्या. पंधरा मिनिटांत होतात हे खरं, पण पाहुणे एकगठ्ठा येत नाहीत. सातला चौघं, साडेसातला दोघं, ते उठायच्या आत आणखी पाच. दर खेपेला कांदा चिरा, पोहे भिजवा, फोडणी करा. एकदमच जास्त केले तर दुसऱ्या खेपेपर्यंत कोरडे पडतात, घशाखाली उतरत नाहीत. भजी, वडे, गरम पुऱ्या यांचंही तेच. बाहेर गप्पा रंगलेल्या आणि घरचं माणूस आत झारा घेऊन उभं. म्हणून आमच्याकडे नियम एकच: बेल वाजल्यावर चहा सोडून दुसऱ्या कशासाठीही गॅस पेटवायचा नाही. द्यायचं ते आधीच झालेलं हवं आणि दोन तासांनीही चांगलं लागायला हवं. शिवाय कांदा-लसूण नसला तरी अडायला नको, कारण बऱ्याच घरांत हे दहा दिवस तो चालत नाही. तुमच्या सासूबाईंना हे आधीच विचारून ठेवा, म्हणजे ऐन वेळी कुजबुज नको.

या सगळ्याला पुरून उरतात ते दडपे पोहे. त्यात शिजवायचं काहीच नसतं. पातळ पोहे घ्यायचे (भाजके नकोत), चाळून घ्यायचे. चार वाट्या पोह्यांना एक वाटी खवलेला नारळ, एक मोठी काकडी चोचवून, मूठभर कोथिंबीर, एका लिंबाचा रस. हिरवी मिरची नुसती चिरून टाकू नका, मीठ आणि चमचाभर साखरेबरोबर हाताने चुरडा, म्हणजे तिखटपणा सगळीकडे सारखा लागतो. चालत असेल तर कांदा. हे सगळं पोह्यांना हलक्या हाताने चोळायचं, नारळ फोडताना निघालेलं पाणी वरून शिंपडायचं, पोहे पातेल्यात दाबून बसवायचे, वर ताटली आणि ताटलीवर पाण्याने भरलेला तांब्या. वीस मिनिटांनी झाकण काढलंत की पोहे मऊ झालेले असतात, पण गोळा नाही. मग वरून शेंगदाणे घालून केलेली फोडणी. पोह्याचा नाहीतर उडदाचा पापड तळून डब्यात ठेवा आणि देताना बशीतच चुरडून घाला, आधी घातलात तर त्याचा लगदा होतो. हे पोहे मुरतात तसे सुधारतात, सहाला केलेले साडेआठला जास्त चांगले लागतात. मात्र ओलं खोबरं असल्यामुळे दुसऱ्या दिवसावर ठेवायचे नाहीत.

फोडणीसाठीसुद्धा रोज कढलं तापवू नका. आदल्या रविवारी वाटीभर तेलाची एकदम फोडणी करायची: मोहरी, हिंग, हळद आणि कढीपत्ता अगदी कुरकुरीत होईपर्यंत. गार झाली की कोरड्या बरणीत. हिरवी मिरची किंवा लसूण त्यात नको, ओलसर काही गेलं की तेल टिकत नाही. दडपे पोहे, कोशिंबीर, दहीभात, सगळ्यावर तीच फोडणी चमच्याने घालायची. मोठा नारळही रोज एक फोडत बसायचं कारण नाही, चार एकदम खवून लहान पिशव्यांमधून फ्रीझरमध्ये टाका.

आरतीनंतर हातावर काय ठेवायचं, हा रोजचा दुसरा प्रश्न. त्याला खिरापत. सुकं खोबरं किसून खमंग भाजलेलं, भाजलेली खसखस, खारकेची पूड, खडीसाखर, बेदाणे. ओलावा कशातच नाही, त्यामुळे एकदा करून ठेवली की दहाही दिवस पुरते. फक्त प्रत्येकाने ओला हात डब्यात घालू नये यावर नजर ठेवा. एखादा दिवस पेढे, एखादा दिवस कुणीतरी आणलेले मावा मोदक, बाकी दिवस खिरापत.

चिवडा, बाकरवडी, फरसाण विकत आणण्यात कमीपणा मानू नका. या गावात तरी तसं कुणी मानत नाही. पण भाद्रपदातली हवा लक्षात घ्या, पिशवी फोडली की तासाभरात सादळायला लागतं. मोठं पाकीट घेण्यापेक्षा छोटी दोन-चार घ्या, एक संपल्याशिवाय दुसरं फोडू नका. चुरमुरे सादळले असतील तर कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परता, पुन्हा कुरकुरीत होतात. चिंच-गुळाची चटणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेली असेल तर दोन खडे काढले की भेळेची सोय झाली.

अळूवड्यांचे उकडलेले उंडे घरगुती पदार्थांच्या दुकानांत मिळतात. आणून फ्रीजमध्ये ठेवा, संध्याकाळी सहाला चकत्या करून तव्यावर थोड्या तेलात परता आणि झाकून ठेवा. गार झाली तरी अळूवडी खाल्ली जाते, बटाटेवड्याला ते भाग्य नाही.

आता जे जेवायलाच थांबतात त्यांचं. इथे लोक पाच पदार्थांचा घाट घालतात आणि मग दमतात. मी दोनच ठेवतो: मसालेभात आणि मठ्ठा. तोंडली आदल्या रात्री उभी चिरून डब्यात भरून ठेवायची. अर्धा किलो तांदूळ धुऊन निथळत ठेवला की सात-आठ माणसांचं काम होतं. कुकरमध्येच फोडणी, तोंडली, काजू, तांदूळ, गोडा मसाला, मीठ, किंचित गूळ. तांदूळ परतून त्याच्या दुप्पट गरम पाणी आणि दोन शिट्ट्या. हे सगळं पाहुणे यायच्या आधी. कुकर बंदच राहू द्या, तास-दीड तास भात चांगला गरम राहतो. वाढताना तूप, ओलं खोबरं, कोथिंबीर. उरलेला भात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजलेला भात बाहेर राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. जेवणं आटोपली की लगेच पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये. मठ्ठ्याला आलं, मिरची, कोथिंबीर, जिरं मिक्सरमधून फिरवून ताकात मिसळलं की झालं.

कुणाला पोळी लागतेच. ती घरी करू नका. पुण्यात गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं आहेत ती कशासाठी? आणि पोळीबरोबर गोड म्हणून सुधारस करा, तो आता फारसा कुणी करत नाही म्हणून पाहुणे खूशही होतात. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, एकतारी पाक. गॅस बंद करून त्यात एका लिंबाचा रस, वेलची, केशर, काजू-बेदाणे. पंधरा मिनिटांत होतो, लिंबामुळे साखर पुन्हा धरत नाही, आणि काचेच्या बरणीत आठवडाभर सहज राहतो. श्रीखंडाला फ्रीजमधली अर्धी जागा लागते, सुधारसाला एक बरणी पुरते.

चतुर्थीच्या मोदकांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तो विषय निघणारच. एकवीस मोदक पहिल्याच वर्षी घरी करायचा हट्ट धरू नका. हौस असेल तर नैवेद्याचे पाच घरी करा, बाकीचे उकडीचे मोदक करून देणाऱ्या बायकांकडे आधी सांगून ठेवा. सारण दोन दिवस आधी करून फ्रीजमध्ये चालतं, उकड मात्र त्याच दिवशीची हवी. आणलेले मोदक गार होऊन पारी कडक झाली तर चाळणीवर पाच मिनिटं पुन्हा वाफवा. गौरी तुमच्याकडे असतील तर तो स्वयंपाक निराळाच, तो या उत्तरात बसत नाही. त्या दिवशी कुणालातरी मदतीला बोलवा.

विसर्जनाचा दिवस तुमच्या पत्त्यावर सगळ्यात अवघड. मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून सकाळी मानाचा पहिला कसबा गणपती निघतो, मागोमाग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, आणि मिरवणूक संपायला दुसरा दिवस उजाडतो. म्हणजे तुमच्याकडे दोन लाटा येतात. मानाचे गणपती आणि ढोलपथकं बघून दमलेले दुपारी, आणि रोषणाईचे गणपती बघायला निघालेले रात्री जेवायच्या वेळेला. मंडई आणि कसबा पेठेची मेट्रो स्थानकं सुरू झाल्यामुळे 2025 पासून तर पिंपरी-चिंचवडचे नातेवाईकही 'गाडी कुठे लावू' ही सबब सांगत नाहीत. त्या दिवशी रस्ते बंद असतात, त्यामुळे 'काही कमी पडलं तर ऑनलाइन मागवू' हा विचार डोक्यातून काढून टाका. डिलिव्हरीवाला लकडी पुलापलीकडून फोन करतो आणि तुम्हालाच तिकडे बोलावतो. दूध, पाव, दही, पिण्याच्या पाण्याचा जार, सगळं आदल्या संध्याकाळी घरात पाहिजे.

त्या दिवशीचा पदार्थ ठरलेला: वाटली डाळ. प्रसादही तोच, खाणंही तेच. आजीच्या पद्धतीने कढईत तासभर परतत बसलात तर खांदा जातो, त्यापेक्षा वाफवा. हरभऱ्याची डाळ रात्री भिजत घाला. सकाळी चाळणीत चांगली निथळू द्या, ही पायरी गाळली तर पुढे चिकट गोळा होतो. मग मिरची-जिऱ्याबरोबर मिक्सरमध्ये पाणी न घालता थांबून-थांबून फिरवा, भरड राहिली पाहिजे, एखादी अख्खी डाळ दिसली तरी चालेल. तेलाचा हात लावलेल्या कुकरच्या डब्यात सैलसर पसरा, शिट्टी काढून पंधरा-वीस मिनिटं वाफवा. झाकण काढल्यावर ती ढोकळ्यासारखी थापून बसलेली दिसेल, घाबरू नका. पूर्ण गार होऊ द्या आणि मग हाताने मोकळी करा. गरम असताना हात घातलात तर ती पुन्हा मोकळी होत नाही. यावर मीठ, साखर, बरणीतली सढळ फोडणी, झाकून पाच मिनिटं वाफ, शेवटी लिंबू, खोबरं, कोथिंबीर. अर्धा किलो डाळीत दहा-बारा जणांना बशी-बशीभर होते. कोरडी वाटली तर वरून ताक शिंपडा.

रात्रीच्या लाटेसाठी मटकीची उसळ आणि पाव. मोड आणायला दोन रात्री लागतात, तेवढा हिशेब आधी करा: एक रात्र भिजवायला, एक रात्र फडक्यात बांधून ठेवायला. बाप्पा गेल्यावर कांदा-लसणाचा प्रश्नही सुटलेला असतो. उसळ मोठ्या पातेल्यात करून ठेवा, ज्याला लागेल तो वाढून घेईल. इथे माझा गॅसचा नियम मी स्वतःच मोडतो, कारण उसळ मधूनमधून गरम करावी लागते. पण ते काम कुणीही करतं, यजमानच लागतो असं नाही.

चहासाठी एक मोठा थर्मास घ्याच. संध्याकाळी सहाला आल्याचा चहा भरून ठेवला की तास-दीड तास तो गाळल्यासारखा राहतो. त्याहून जास्त ठेवला तर चव उतरते. चहा न पिणाऱ्यांना कोकम सरबत.

पेपर प्लेट आणि द्रोण आत्ताच आणून ठेवा, भांडी घासणाऱ्या मावशी गौरीच्या दिवसांत सुट्टी घेणारच आणि ती त्यांना द्यायलाच हवी. आणि पोळ्यांची ऑर्डर या आठवड्यातच सांगून टाका, किती पोळ्या आणि कुठल्या दिवशी ते लिहून द्या. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोळीभाजी केंद्रात फोन केलात तर पलीकडून उत्तर मिळेल, 'आता नवीन घेत नाही.'