पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या, एक पाय गेलेल्या काकांचा अनुदानाचा अर्ज तू चार महिन्यांपूर्वी तहसील कचेरीत दिलास, टेबलावरच्या बाई म्हणाल्या "ठेवून जा, बघते", आणि आता तिथे अर्जच सापडत नाही. दलाल तीन हजारांत काम करून देतो म्हणतोय. तू विचारतेस, त्यापेक्षा ते तीन हजार काकांच्याच हातात ठेवले तर काय बिघडलं?

बिघडलं काहीच नाही, जमत असेल तर जरूर दे. पण ते दोन महिन्यांत संपतील. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना आधी १५०० होते, ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झाले, आणि ते दर महिन्याला. तेव्हा अर्ज नव्याने भरायचाच आहे. फक्त त्याआधी सांग, पहिल्या अर्जाची पोच कुठे आहे?

नाही ना? मग तो अर्ज तू दिलाच नाहीस. रागावू नकोस, पण कचेरीच्या लेखी तसंच आहे.

पोच कशी घ्यायची ते आधी सांगते. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. योजनेच्या टेबलावर जाण्याआधी आवक-जावक टेबलावर जायचं. एक प्रत त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. नुसता शिक्का मारून दिला तर क्रमांक मागायचा, कारण क्रमांकाशिवाय शिक्का म्हणजे शाईचा डाग. "इथे पोच देत नाही" म्हणाले तर वाद न घालता बाहेर यायचं आणि तोच अर्ज तहसीलदारांच्या नावाने स्पीड पोस्टने पाठवायचा. पोस्टाची पावती हीसुद्धा पोचच. हा क्रमांक हातात असला की माहिती अधिकारात एकच ओळ विचारता येते: "आवक क्रमांक अमुक, दिनांक तमुक या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली?" ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही माफ. क्रमांक नसेल तर उत्तर ठरलेलं, "सदर अर्ज आढळून येत नाही."

आता काकांकडे वळू. तू लिहितेस की त्यांच्याकडे एकही कागद नाही. बहुतेक वेळा हे अर्धंच खरं असतं. त्यांना नीट विचार, कधी कुठे अंगठा दिला होता का, डोळ्यांचा फोटो काढला होता का. फूटपाथवरच्या पुष्कळ माणसांचं आधार एकदा निघालेलं असतं. पिशवी चोरीला गेली किंवा पालिकेच्या गाडीत सामानाबरोबर गेली, आणि नंबर कुणालाच आठवत नाही. अशा माणसाची नवी नोंदणी केलीस तर बोटांचे ठसे जुन्याशी जुळतात आणि ती नाकारली जाते. मग पुन्हा काही महिने वाया. म्हणून आधी आधार सेवा केंद्रात नेऊन जुनं सापडतंय का ते बघायचं.

नसेलच, तर दोन वाटा आहेत. निवारा केंद्रात राहणाऱ्याला त्या मान्यताप्राप्त केंद्राच्या प्रमुखाचा दाखला चालतो. पण तो आधार प्राधिकरणाच्याच छापील नमुन्यात हवा, लेटरहेडवर आपल्या शब्दांत लिहिलेला नको. फोटोवर सही आणि शिक्का असा हवा की अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर येईल. व्हाइटनर लागला की दाखला बाद. तारखेपासून तीनच महिने चालतो, त्यामुळे आधी केंद्राची वेळ घे, मग दाखला घे. उलटं केलंस तर पुन्हा सहीसाठी हेलपाटे.

काका निवाऱ्यात जायला तयार नाहीत म्हणतेस. जबरदस्ती करू नकोस. त्यांच्यासाठी दुसरी वाट, मतदार नोंदणीचा नमुना ६. बेघर माणसाला त्यात पत्त्याचा कागदी पुरावा लागत नाही; तो जिथे झोपतो तिथे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचा नोंदणी अधिकारी, रात्री येऊन खात्री करतो, एकाहून जास्त रात्री. हे निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्येच आहे आणि किती जणांना ठाऊक नसतं! त्या रात्री काका तिथेच असायला हवेत एवढं बघ. मतदार ओळखपत्र आलं की तोच ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, आणि त्यावर आधार. १८ वर्षांवरच्या नव्या नोंदणीची पडताळणी राज्य सरकारकडे जाते, त्यात महिने जातात. नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी मात्र त्याच दिवशी मिळते. ती पोच आहे. जप.

कुष्ठरोगाने बोटं गेलेली माणसं तुला भेटतील. "ठसे येत नाहीत, जा" म्हणणाऱ्या ऑपरेटरला शांतपणे सांगायचं की बोटं नसतील तर डोळ्यांवर नोंदणी होते, आणि दोन्ही नसेल तर बायोमेट्रिक अपवाद म्हणून होते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने हे पुन्हा स्पष्ट केलं आहे.

मोबाईल नंबरबद्दल मात्र मी रागावूनच सांगणार. काकांच्या कागदांवर स्वतःचा नंबर टाकू नकोस. कार्यकर्ते सोयीसाठी टाकतात, मग काम सोडून जातात, आणि चाळीस माणसांचे ओटीपी कुठल्यातरी दुसऱ्या शहरातल्या फोनवर वाजत राहतात. संस्थेचं एक सिम असावं, वही असावी, कुणाच्या कुठल्या कागदाला हा नंबर दिला ते त्यात लिहिलेलं असावं. बँकेला मात्र तोही द्यायचा नाही.

मग दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, रुग्णालय निवडायचं, अर्ज क्रमांकाची छापील प्रत घ्यायची (हो, पोच). प्रत्येक रुग्णालयात अस्थिरोग, डोळे, कान, मानसोपचार यांचे तपासणीचे वार वेगळे असतात. ते आधी जाऊन फलकावरून लिहून आण, कुबड्यांवरच्या माणसाला चुकीच्या वारी रांगेत उभं करू नकोस. योजनेला किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. काकांचा पाय गुडघ्याखालून गेलाय, त्यांना अडचण येणार नाही. पण मधुमेहाने फक्त पायाची बोटं गेलेला माणूस बहुतेकदा ४०च्या आत राहतो. त्याला ऐकू कमी येतं का, डोळ्याला दिसतं का, हेही तपासून घे. दोन व्यंगं असली तर टक्के एका सूत्राने एकत्र धरतात. सरळ बेरीज नसते, पण ३० आणि २० मिळून ४३ होतात. त्या तीन टक्क्यांवर महिन्याचं अनुदान अवलंबून असतं. हे डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही, ओपीडीत शंभर माणसं असतात.

मानसिक आजार असलेल्याचं काम सगळ्यात लांबतं. तिथे स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, समजणं-बोलणं आणि कामधंदा या चार गोष्टींवर मोजमाप होतं, आणि उपचारांचे कागद नसतील तर डॉक्टर तरी कशाच्या आधारावर लिहिणार? म्हणून आधी उपचार, महिनोन्महिने, केसपेपर जपून. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार बेघर आणि निराधार माणसाला सरकारी व्यवस्थेत हे उपचार मोफत आहेत, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. कलमाची प्रत पिशवीत ठेव.

यूडीआयडी कार्ड टपालाने येतं. पत्ता "पुलाखाली" लिहिलास तर ते परत जाईल. "द्वारा" लिहून संस्थेचा पत्ता दे.

आता मूळ अर्ज, निराधार योजनेचा. वय १८ ते ६५ (६५ झालेल्यांसाठी श्रावणबाळ योजना), दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत, आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य. हे शेवटचं सगळ्यात जड. काका इथलेच असले तरी कागदावर कुठे आहेत? शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या मतदार यादीतलं नाव, गावच्या शिधापत्रिकेवरचं नाव, जुने केसपेपर, जे मिळेल ते शोध. त्यांच्या गावी फोन लावायला लाजू नकोस, पण काकांना विचारून. घर सोडण्याचं कारण कधीकधी घरच असतं. आणि सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, बाहेरच्या टपरीवर स्टॅम्प पेपर घेऊ नकोस.

अर्ज सर्वात जास्त कुठे पडतात? तलाठ्याच्या चौकशीत. ते दुपारी येतात, काका तेव्हा सिग्नलला असतात, शेरा पडतो "अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही". म्हणून अर्जातच लिही: कोणत्या पुलाखाली, कोणत्या टोकाला, समोर कोणतं दुकान, किती वाजता भेटतील, न भेटल्यास कोणाला फोन करायचा. जागा बदलली तर लेखी कळव. आणि त्या पत्राचीही पोच घे.

मंजुरी आली म्हणजे पैसे आले असं नाही. खात्याला आधार "जोडलेलं" असणं वेगळं आणि थेट लाभासाठी एनपीसीआयकडे (बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था) त्या खात्याचं सीडिंग, म्हणजे आधारशी नोंद, असणं वेगळं. पैसा शेवटच्या सीडिंग झालेल्या खात्यात जातो. कुणीतरी शिबिरात काकांचं दुसरंच खातं उघडलं असेल तर अनुदान तिथे साठत राहील आणि काका "अजून काही आलं नाही" म्हणत राहतील. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. तो चुकला की अनुदान थांबतं.

मला माहीत आहे, कचेऱ्यांत माझ्याबद्दल म्हणतात, या बाईंना पोच नाही. चहाच्या वेळीही शिक्का मागतात. म्हणोत. गोड बोलून, "बाई ओळखीच्या आहेत, करतील" म्हणून मी जे अर्ज नुसते टेबलावर ठेवून आले, ते मला अजून मोजता येतात. ओळखीच्या बाईंची बदली होते. तुझ्या त्या बाईही वाईट नसतील, त्यांच्या टेबलावर गठ्ठे असतात.

काकांना प्रत्येक वेळी बरोबर ने, कागद त्यांच्याच हातून दे. मूळ कागद त्यांच्या गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटात, एक झेरॉक्स संच संस्थेत, एक त्या चहावाल्याकडे, ज्याच्याकडे ते रात्री पिशवी ठेवतात असं तू लिहिलंस. नाव सगळीकडे एकच हवं. केसपेपरवर "राजू" आणि आधारवर "राजेंद्र" नको, पहिल्या केसपेपरलाच पूर्ण नाव सांग.

सोमवारी जाणार असशील तर आधी आवक नोंदवहीत चार महिन्यांपूर्वीचं पान बघायला माग. तारीख तुला आठवते आहेच. नोंद नसेल तर नव्या अर्जावर त्या दिवसाची तारीख घाल, जुन्या अर्जाचा उल्लेख कर, आणि क्रमांक मिळाला की मला कळव.

तुझी,
ताई